नाव कमी करण्याआधी

मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांतच जामीन दिला आणि रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. त्या आठवड्यात 'निबंध' हा शब्द महाराष्ट्रात शिवीसारखा वापरला गेला. आयुष्यभर मुलांकडून निबंधच लिहून घेणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचे थोडे वाईटही वाटले. पण तो मुद्दा वेगळा.

लोक संतापले ते योग्यच होते. पैशाच्या जोरावर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा संतापू नये तर काय करावे? पण हा संताप पैशावर थांबला नाही. तो कायद्यावर घसरला. सोळा वर्षांच्या पोरांना काय कळत नाही, मोठ्यांसारखे तुरुंगात टाका, हे लाड बंद करा, अशी भाषा सुरू झाली. ती टी.व्ही.वर झाली, लोकलमध्ये झाली, आणि जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवरही झाली. आमचा झगडा या शेवटच्या ठिकाणच्या भाषेशी आहे. कारण हा कायदा उद्या मोडला तर कल्याणीनगरच्या बंगल्यातील मुलाचे फारसे बिघडणार नाही. त्याच्याकडे पहाटे उठून येणारा वकील आहे. बिघडेल ते मुंब्र्याच्या, मालेगावच्या, गोवंडीच्या, भिवंडीच्या मुलाचे.

त्या जामिनाबद्दल एक गोष्ट कुणी सांगितली नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 12 नुसार गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला जामीन हाच नियम आहे. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका पोचेल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे मानायला सबळ कारण असेल तरच तो नाकारायचा. म्हणजे त्या श्रीमंत मुलाला मिळाले ते कायद्यातले होते; अन्याय असा की तेच कलम गरिबाच्या मुलाला लागू होताना दिसत नाही. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, चोवीस तासांत मंडळापुढे उभे करावे लागते. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत कोणी प्रौढ आरोपी नसेल, तर 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे एफ.आय.आर.सुद्धा नोंदवायचा नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरची परिस्थिती सांगणारा अहवाल मंडळाकडे पाठवायचा. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. आपल्या मोहल्ल्यातील किती बापांना हे ठाऊक आहे? आणि बापांचे जाऊ द्या, आपल्या किती मुख्याध्यापकांना ठाऊक आहे?

'हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे' असे म्हणणाऱ्यांसाठी एवढेच, की मुंबई इलाख्याने मुलांसाठीचा स्वतंत्र कायदा 1924 मध्येच केला होता. 1986 च्या देशव्यापी कायद्यात मुलांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा अशी मर्यादा होती. 2000 साली ती दोघांसाठी अठरा झाली. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत ते भयंकर प्रकरण घडले. आरोपींपैकी एक अठराच्या आतला निघाला. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी 2013 च्या अहवालात वय खाली आणण्यास स्पष्ट नकार दिला. पण तो मुलगा तीन वर्षे पूर्ण करून 20 डिसेंबर 2015 रोजी बाहेर आला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने नवे विधेयक मंजूर केले! शास्त्र एका बाजूला राहिले, रस्त्यावरचा राग दुसऱ्या बाजूला, आणि कायदा रागाच्या तारखेने ठरला.

त्या कायद्याने काय केले? ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे त्याला 'अतिगंभीर' म्हटले, आणि असा आरोप असलेल्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची 'प्राथमिक पडताळणी' करून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली. गंमत बघा, पुण्याच्या त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा पोलिसांचा अर्ज जुलै 2025 मध्ये मंडळाने फेटाळला. आणि आपल्याकडे? सतरा वर्षांचा मुलगा, सोळा वर्षांची मुलगी, दोघे पळून जातात, मुलीचा बाप तक्रार करतो. पोक्सो कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्या कलमाची किमान शिक्षा दहा वर्षे आहे. म्हणजे गुन्हा 'अतिगंभीर', आणि मुलगा प्रौढ न्यायाच्या उंबरठ्यावर. मुलगी दुसऱ्या धर्माची असेल तर ठाण्याबाहेर घोषणा द्यायला कोण जमते, हे सांगायची गरज नाही. 'सोळाला फाशी द्या' म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी हा मुलगा एकदा डोळ्यांपुढे आणावा.

वयाने लहान गुन्हेगाराला मोठ्यांच्या कोर्टात पाठवण्याचा प्रयोग अमेरिकेने आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. 1995 मध्ये जॉन डिइयुलियो नावाच्या प्राध्यापकाने 'महाशिकारी' मुलांची एक पिढी येत असल्याचे भाकीत केले. निष्ठुर, दयामाया नसलेली मुले. त्या वर्णनातला चेहरा काळ्या मुलाचा होता, हे वेगळे सांगायला नको. राज्याराज्यांनी कायदे कडक केले. भाकीत खोटे ठरले. तरुणांचे गुन्हे वाढण्याऐवजी घटत गेले. 2012 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ते भाकीत चुकल्याचे सांगणारे जे निवेदन अभ्यासकांनी सादर केले, त्यावर या प्राध्यापकाचीही सही होती. पण तोपर्यंत हजारो मुले मोठ्यांच्या तुरुंगात वाढली होती. फ्लोरिडातल्या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवले की प्रौढ न्यायालयात पाठवलेली मुले तशाच गुन्ह्यातल्या बालन्यायालयातील मुलांपेक्षा लवकर आणि अधिक वेळा पुन्हा गुन्ह्यात सापडली. एखाद्या समाजाच्या मुलांवर असा शिक्का मारला की काय होते, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकण्याची गरज नसावी. टाटा समाजविज्ञान संस्थेने 2011 मध्ये महाराष्ट्राच्या तुरुंगांतील मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. तुरुंगातील आपले प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त, आणि कैद्यांत मोठा भरणा अठरा ते तीस वयाचा. हे अठरा वर्षांचे कैदी काल-परवापर्यंत कुठल्या ना कुठल्या वर्गात बसत होते.

आता काही जण दीनचा आधार घेऊन म्हणतात, शरीअतमध्ये पंधराव्या वर्षी मुलगा बालिग होतो, मग अठराचे काय घेऊन बसलात? अर्धवट इल्म फार धोक्याचे. पंधरा हे मत इमाम शाफईंचे आणि इमाम अबू हनीफांच्या दोन थोर शिष्यांचे आहे. खुद्द इमाम अबू हनीफा, ज्यांच्या मसलकचे आपण बहुतेक, त्यांनी शारीरिक लक्षणे दिसली नाहीत तर मुलासाठी अठरा वर्षे धरली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फिकहमध्ये 'बुलूग' वेगळा आणि 'रुश्द' वेगळा. मिसरूड फुटणे ही एक गोष्ट, समज येणे ही दुसरी. यतीमाचे धन त्याच्या हाती देण्याआधी त्याची समज पारखायला कुरआनच सांगतो; आणि समज आली नसेल तर ते धन पंचवीस वर्षांपर्यंत रोखून ठेवावे, असे इमाम अबू हनीफांचे मत आहे. ज्याच्या हाती बापाचे दुकान द्यायला आपण कचरतो, त्याच्या मानेवर प्रौढाची शिक्षा ठेवायला मात्र आपण तयार!

आजचे मानसशास्त्रही याच फरकापाशी येऊन पोचले आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी 2005 मध्ये एक साधा प्रयोग केला. तेरा ते सोळाची मुले, अठरा ते बावीसचे तरुण आणि चोवीसच्या पुढची माणसे, तिघांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकटे असताना फारसा फरक नव्हता. पण शेजारी मित्र बसवले तेव्हा लहान मुलांनी धोका पत्करण्याचे प्रमाण एकदम वाढले. मोठ्यांवर मित्रांचा जवळपास परिणाम झाला नाही. आठवी-नववीच्या वर्गावर उभे राहणाऱ्या कुणालाही याचे नवल वाटणार नाही. एकटा असताना खाली मान घालून 'जी सर' म्हणणारा मुलगा चौघांत असला की बाकावर उभा राहतो. मग या मुलाला बंद खोलीत एकटे बसवून, दोन-तीन भेटींत 'याला परिणाम कळत होते का' याची पडताळणी कशी होणार? सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गुडगावच्या शाळेतील खून प्रकरणात ही पडताळणी अतिशय नाजूक असल्याचे सांगून तिच्यासाठी मार्गदर्शक सूत्रे करण्यास सुचवले, ते उगाच नाही.

इथवरचे बोलणे सरकारशी आणि कायद्याशी होते. आता घरचे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत 2022 साली देशभरात अल्पवयीनांवर 30,555 प्रकरणे नोंदली गेली. एकूण दखलपात्र गुन्हे 58 लाखांवर. म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आणि 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. पहिल्या आकड्यावर आपली जमात रात्र-रात्र बोलते. दुसऱ्यावर एखादा जलसा होतो, चहा होतो, ठराव होतो.

या दोन आकड्यांमध्ये एक दार आहे आणि ते शाळेच्या कार्यालयाचे आहे. मुलगा मोबाइलच्या चोरीत सापडला, मारामारीत सापडला, नुसते पोलीस त्याला विचारत शाळेत आले, तरी पहिली हालचाल काय होते? वकील शोधला जातो? वर्गशिक्षक घरी जातात? नाही. दाखला लिहिला जातो. पालकाला बोलावून 'अर्ज द्या, आम्ही चांगल्या शब्दांत दाखला देतो, नाहीतर आम्हाला लिहावे लागेल' असे सांगितले जाते. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' आणि 'वर्तणूक' या रकान्यात उपकार केल्यासारखे 'समाधानकारक'. अशा एका आईला कार्यालयाच्या दारात आम्ही ऐकले आहे. ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, "सर, नाम मत काटो, घर पे रहेगा तो वोइच लडकों में जाएगा." त्या बाईने कुठलेही संशोधन वाचले नव्हते. पण अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 29 प्रयोगांतील सात हजारांहून अधिक मुलांचा एकत्र अभ्यास करून जे मांडले, ते तिच्या म्हणण्यापासून दूर नाही: किरकोळ गुन्ह्यातील मुलाला न्याययंत्रणेच्या चक्रात खेचल्याने गुन्हे कमी होत नाहीत, उलट वाढण्याकडेच कल दिसतो. यंत्रणेबाहेर ठेवायचे तर मुलाला कुठे ठेवायचे? आपल्या मोहल्ल्यात शाळेखेरीज अशी दुसरी जागा कोणती आहे?

शाळेच्या हातात आणखी एक गोष्ट आहे, जिची किंमत आपल्या क्लार्कलाही माहीत नसते. मुलाचे वय ठरवताना कलम 94 नुसार सर्वांत आधी शाळेतील जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचे प्रमाणपत्र धरले जाते. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. म्हणजे जनरल रजिस्टरच्या त्या एका ओळीवर मुलगा बालक की प्रौढ हे ठरते! आणि ती ओळ कशी लिहिली जाते? आपल्या पिढ्यान्‌पिढ्या 1 जूनला जन्मल्या आहेत. पहिलीत लवकर बसवायचे म्हणून वय सहा-आठ महिन्यांनी, कधी वर्षाने वाढवून लिहिलेले असते. घरी जन्मलेल्या मुलाचा पालिकेचा दाखला काढायचा कंटाळा असतो. पुढे साडेसतरा वर्षांचा मुलगा कागदावर अठरा पूर्ण केलेला निघतो आणि थेट मोठ्यांच्या तुरुंगात जातो. अल्पवयीन असल्याचा दावा खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर, निकालानंतरही करता येतो. पण करणार कोण, आणि रजिस्टरच विरोधात असेल तर कशाच्या आधारावर?

दाखल्याच्या खालोखाल आवडता इलाज म्हणजे धाक. 'इन्स्पेक्टर साहेब, जरा दोन फटके द्या, घाबरला पाहिजे.' हे कधी बाप सांगतो, कधी जमातीचे सद्‌र. न्यू जर्सीच्या रॉवे तुरुंगात 1970 च्या दशकात हेच मोठ्या थाटात झाले. जन्मठेपेचे कैदी मुलांवर ओरडत, तुरुंगात काय होते ते अंगावर काटा येईल असे सांगत. त्यावर 1978 मध्ये माहितीपट निघाला, त्याला ऑस्करही मिळाले. नंतर अशा कार्यक्रमांच्या नऊ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला तेव्हा दिसले की धाक दाखवलेली मुले न दाखवलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्ह्यांत सापडली. घाबरवून सोडलेला मुलगा घरी येऊन मित्रांना सांगतो काय, तर मी लॉकअप बघून आलो. गल्लीत त्याची इज्जत वाढते.

तिसरा इलाज, अशा सगळ्या मुलांना एकत्र करून 'इस्लाही कॅम्प' भरवायचा. नियत नेक, शंका नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत 1930-40 च्या दशकांत पाचशेवर मुलांवर असाच नेक प्रयोग झाला होता. जोन मॅकॉर्ड या बाईंनी तीस वर्षांनी त्या मुलांचा माग काढला. मदत मिळालेली मुले न मिळालेल्यांपेक्षा बरी नव्हती, काही बाबतींत वाईटच होती. आणि पुढच्या विश्लेषणात नुकसान जास्त करून त्यांच्याकडे दिसले ज्यांना उन्हाळी शिबिरांना एकाहून अधिक वेळा पाठवले होते. बिघडलेली म्हणून निवडलेली मुले एका खोलीत बसवली की ती एकमेकांचे उस्ताद होतात.

आणि चौथा, ज्याविषयी बोलताना लोक नाराज होतील: 'दूरच्या मदरशात टाका, सुधारेल.' दीनी तालीम ही शिक्षा कधीपासून झाली? हिफ्जसाठी तळमळणाऱ्या मुलांच्या शेजारी याला जबरदस्तीने नेऊन बसवणे हा मदरशाचाही अपमान आणि मुलाचाही. शिवाय मंडळापुढची तारीख चुकते ती चुकतेच.

संस्थाचालक म्हणतील, आम्हाला अधिकार आहे. आहे ना! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण 6 मे 2014 रोजी प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही असे ठरवले. जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची उर्दू शाळा मुलाला काढू शकत नाही. अंजुमनची उर्दू शाळा मात्र या सवलतीआड उभी राहू शकते. ज्या घटनादत्त हक्काने आपली भाषा आणि आपली मुले जपायची, तोच हक्क मुलाला बाहेर काढताना पुढे केला जातो. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अंजुमनच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी प्रमतीबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. तेव्हा उर्दू शाळांच्या स्टाफरूममध्ये चर्चा झाली ती टीईटीची, म्हणजे आपल्या नोकरीची. समजण्यासारखे आहे. कलम 16 चा विषय मात्र निघाला नाही.

ज्या मुलीची छेड काढली गेली, ज्या मुलाचे डोके फुटले, त्यांचे काय, हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आमचे म्हणणे असे नाही की काही झालेच नाही असे वागा. जिथे मुलीला त्रास झाला आहे तिथे मुलालाच दुसऱ्या तुकडीत, गरज पडली तर दुसऱ्या शाळेत हलवा; पण त्या शाळेशी आधी बोलून, दुसऱ्या दिवशी तो बाकावर बसलेला असेल असे पाहून. आज होते काय, तर मुलगा दाखला घेऊन गॅरेजमध्ये जातो आणि मुलीला तिचे अब्बा घरी बसवतात. एका घटनेत दोन शिक्षणे संपतात. कायद्याच्या कलम 18 मध्ये समुपदेशन आहे, समाजसेवा आहे, पालकांना दंड आहे, परिविक्षा आहे, आणि मंडळ मुलाला शाळेत जाण्याचा आदेशही देऊ शकते. पण मंडळ तसे म्हणेल तेव्हा त्याचे नाव कुठल्या तरी हजेरीपटावर असायला हवे ना?

अंजुमनांच्या पुढच्या बैठकीत दोन ठराव व्हावेत. प्रकरण मंडळापुढे आहे तोवर कुठल्याही मुलाचे नाव कमी होणार नाही आणि त्याच्या दाखल्याचा अर्ज शाळा स्वीकारणार नाही, हा पहिला. दुसरा, शाळेतील एक शिक्षक यासाठी नेमलेला असेल, जो जनरल रजिस्टरचा उतारा घेऊन त्या दिवशी ठाण्यात आणि मंडळात जाईल. पैसा लागत नाही. एक हाफ डे लागतो. मुलाचे आणि शाळेचे नाव बाहेर फुटू नये याची काळजी कलम 74 ने आधीच घेतली आहे, तेव्हा 'संस्थेची बदनामी' हे कारण कुणी सांगू नये.

परिविक्षा अधिकाऱ्याने मुलाचा सामाजिक चौकशी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. तो मराठीत लिहिला जातो. मुलाची प्रगतिपुस्तके, शिक्षकांचे शेरे, त्याने लिहिलेल्या वह्या उर्दूत असतात आणि त्या अहवालात येतच नाहीत; मंडळापुढे मुलगा अनपढ असल्यासारखा उभा राहतो. उर्दू शिकवणारे आणि मराठी लिहिणारे आमच्यासारखे शिक्षक आता प्रत्येक तालुक्यात आहेत. ते कागद मराठीत करून द्यायला आम्ही तयार आहोत, रात्री बसून, विनामोबदला. कुणी मागायला तर यावे.